खाणपट्ट्याच्या तहकुबीविषयी कोळसामंत्र्यांस अनावृत पत्र

मा. केंद्रीय कोळसामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस



भूमिगत कोळसा खाणींना उत्तेजन मिळावे म्हणून आपल्या मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये ज्या सवलती जाहीर केल्या, महसुलातील सरकारी हिश्श्याचा किमान दर शेकडा चारांवरून दोनांवर आणला आणि पट्टेदाराने आरंभी भरावयाची आगाऊ रक्कम माफ केली, त्यांचे स्वागत चंद्रपूर-वणीच्या बाजूला आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या मनुष्याने करावे हे साहजिक आहे. उघडी खाण काय करते ते आम्ही दाराशी पाहतो. तिच्या पोटात शेते जातात, पांधणी जातात, कधी सबंध गाव जाते, आणि मोबदल्याचे पैसे संपल्यावरही मातीचे ढिगारे तेवढे जागच्या जागी राहतात. सन २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, पण त्यातील भूमिगत खाणींचा वाटा शेकडा पाचही भरला नाही. तो वाढवून २०३० पर्यंत १० कोटी टनांवर नेण्याचा आपला संकल्प आहे आणि तो तडीस जावा अशीच आमची इच्छा आहे. मात्र सवलतींची ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा तिच्यात पैशाचा विचार सर्वत्र आढळला, काळाचा कोठेच आढळला नाही. आणि जमिनीखाली अवचित संकट उभे राहिले असता पट्टेदाराची कोणती बंधने थांबावीत, कोणाच्या हुकमाने थांबावीत, कोणत्या घटकेपासून थांबावीत आणि कोणती बंधने कोणत्याही सबबीवर थांबू नयेत, या प्रश्नाचे सुसूत्र उत्तर आपल्या कायद्यांत आणि करारनाम्यांत एके ठिकाणी सापडत नाही. त्यासाठीच हे पत्र.

उघड्या खाणीत माणूस कोळशाच्या वर उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर आकाश असते. भूमिगत खाणीत तो कोळशाच्या आत शिरतो, आणि पुढच्या दहा पावलांवर काय आहे याविषयी त्याच्यापाशी जे ज्ञान असते ते बव्हंशी अनुमानाचे असते. भूगर्भवेत्ते ठराविक अंतरावर बोअर घेतात, प्रत्येक बोअरातून आलेला खडकाचा गाभा पेटीत क्रमाने मांडतात आणि दोन बोअरांमधली जागा पेन्सिलीच्या रेषेने जोडतात. ती रेषा प्रामाणिक असते, परंतु तिच्याखाली लहानसा भ्रंश दडलेला असू शकतो, छताचा खडक एकाएकी ठिसूळ झालेला असू शकतो किंवा पाण्याने भरलेली भेग वाट पाहत असू शकते. आमच्या वर्धा खोऱ्याची गोष्ट तर विशेषच आहे. येथील मुख्य थर अनेक ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाडीचा आहे; खाली उतरून त्यातला माणसाच्या हाताला येईल एवढाच पट्टा काढता येतो, आणि उरलेला कोळसा डोक्यावर, पायाखाली आणि मागे टाकलेल्या गोफात, म्हणजे कोळसा काढलेल्या पोकळीत, पडून राहतो. हा कोळसा हवेशी संयोग पावून आपोआप तापणाऱ्या जातीचा. प्रथम भिंतींना घाम फुटतो, मग घासलेटासारखा मंद वास येऊ लागतो, मग हवेच्या नमुन्यात कार्बन मोनॉक्साइड दिसू लागतो. आणि ज्वाळा दिसेपर्यंत थांबलेल्या माणसाला परतीची वाट उरत नाही. वर पाहावे तर कित्येक ठिकाणी कामठी वालुकाश्माचे जलधारी थर आहेत. अशा जागी उत्पादनाचे वेळापत्रक आखणाऱ्याने निसर्गाकडून वक्तशीरपणाची अपेक्षा ठेवणे म्हणजे मृगाचा पाऊस तारीख पाहून पडावा असे म्हणणे होय.

आता कायद्याकडे वळतो. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याच्या कलम ४-अ प्रमाणे पट्टेदाराने सलग दोन वर्षे उत्पादन आणि रवानगी केली नाही तर पट्टा व्यपगत होतो. कारणे त्याच्या आवाक्याबाहेरची असल्याची राज्य शासनाची खात्री पटली तर मुदत वाढवून मिळते, परंतु २०२१ च्या दुरुस्तीने ही वाढ एका वर्षाहून अधिक देता येत नाही आणि पट्ट्याच्या सबंध कालावधीत ती एकदाच देता येते. पट्टे अडवून ठेवणाऱ्या मंडळींना चाप बसावा हा दुरुस्तीचा हेतू होता आणि तो रास्त होता. परंतु बंद केलेल्या भागातील आग किती दिवसांत विझावी हे कोणत्या राजपत्रात ठरवायचे? झरियाच्या कोळशाला १९१६ मध्ये लागलेली आग पहिल्यांदा नोंदवली गेली, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही ती तेथे धुमसते आहे. शिवाय पहिल्या संकटात एका वर्षाची ती वाढ खर्ची पडली की त्याच पट्ट्यावर पुढे दहा वर्षांनी दुसरे संकट आले तर कायद्याच्या हाती काहीच उरत नाही. लिलावाने दिलेल्या खाणींच्या करारनाम्यांत तर टप्पे ठरलेले असतात, टप्पा चुकला की बँक हमीतून रक्कम कापून घेतली जाते, आणि दैवी आपत्तीचे कलम असले तरी ते लागू आहे हे सिद्ध करण्याचा भार संकटात सापडलेल्यावरच असतो.

येथे आपले लक्ष अशा एका गोष्टीकडे वेधावेसे वाटते की जी दिल्लीहून कदाचित दिसत नसेल. खाणीतले काम धोक्यामुळे थांबवण्याचा अधिकार खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या निरीक्षकांकडे असतो. ते महानिदेशालय धनबादेस असून श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. पट्टा देणारे आणि तो व्यपगत झाल्याचे पाहणारे राज्य शासन. करारनामा करून टप्पे मोजणारे आपले मंत्रालय. एकाच सरकारच्या या तीन दप्तरांपैकी पहिले म्हणते, माणसे वर आणा. दुसरे म्हणते, दोन वर्षांची मुदत चालू आहे. तिसरे म्हणते, या तिमाहीचा टप्पा चुकला, खुलासा सादर करा. पहिल्याच्या हुकमाने दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे घड्याळ आपोआप थांबत नाही. त्यासाठी निराळा अर्ज, निराळी कागदपत्रे, निराळी सुनावणी. या तिघांच्या मध्ये जो उभा असतो तो खाणीचा व्यवस्थापक. कायद्याने खाणीतल्या प्रत्येक जिवाचा भार त्याच्यावर टाकला आहे आणि मालकाने प्रत्येक टनाचा. मार्च महिन्यात, टप्प्याला थोडे टन कमी पडत असताना, रात्रपाळीच्या सरदाराने दैनिक नोंदवहीत छताचा आवाज बदलल्याचे किंवा परतीच्या हवेत वास आल्याचे लिहिले, तर ती ओळ वाचताना व्यवस्थापकाच्या मनात काय चालत असेल याची कल्पना आपण करावी. तो माणूस वाईट नसतो. पण जेथे धोका कळवणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो तेथे धोके उशिरा कळतात, आणि जमिनीखाली उशीर फार महाग पडतो.

अमेरिकेतील युटा प्रांतातल्या क्रँडल कॅन्यन खाणीचे उदाहरण या संदर्भात मला वारंवार आठवते. तेथे मागे राखून ठेवलेले कोळशाचे खांब काढण्याचे काम चालू असता ६ ऑगस्ट २००७ रोजी दाबाखाली खांब स्फोट व्हावा तसे फुटले आणि सहा कामगार आत गाडले गेले. दहा दिवसांनी, त्यांच्याकडे जाणारा रस्ता मोकळा करीत असताना पुन्हा तसाच उद्रेक होऊन बचावकार्यातील तिघे मेले, आणि त्या सहांचे देह आजतागायत बाहेर आलेले नाहीत. त्यानंतरच्या सरकारी तपासात जे निष्कर्ष निघाले त्यांत एक हा होता की याच खाणीत त्यापूर्वीही कोळशाचे असे उद्रेक झाले होते आणि ते वेळीच कळवले गेले नव्हते. कळवले असते तर काम थांबले असते, आराखडा बदलावा लागला असता. थांबण्याची किंमत जेथे निश्चित आणि न थांबण्याची किंमत अनिश्चित, तेथे माणसाची बुद्धी कोणत्या बाजूला झुकते हे सांगायला खाणकामाचे ज्ञान लागत नाही.

त्याच देशाचा पट्ट्यांविषयीचा कायदा मात्र अभ्यासण्याजोगा आहे. संघसरकारच्या जमिनीतील कोळशाचा पट्टा तेथे १९२० च्या कायद्याखाली वीस वर्षांसाठी मिळतो, दहा वर्षांत व्यापारी प्रमाणात कोळसा निघाला नाही तर तो संपुष्टात येतो, आणि पुढेही काम अखंड चालू ठेवावे लागते. परंतु संप, निसर्गाचा कोप किंवा पट्टेदाराच्या दोषाने न घडलेली दुर्घटना यांमुळे काम खंडित झाले तर ही अट शिथिल होते. शिवाय खनिजाच्या संरक्षणासाठी सरकारने पट्ट्यावरील काम आणि उत्पादन तहकूब करण्यास संमती दिली तर त्या काळाचे जमिनीचे भाडे पडत नाही आणि तहकुबीचा काळ पट्ट्याच्या मुदतीत मिळवला जातो. रचना सुटसुटीत आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र मला पटत नाही, आणि ती म्हणजे सवलतीची गाठ पट्टेदाराच्या निर्दोषपणाशी मारलेली आहे.

असे मी का म्हणतो ते स्पष्ट केले पाहिजे, कारण या मुद्द्यावर माझ्याच गावातले जुने खाणकामगार माझ्याशी भांडतात. त्यांचे म्हणणे असे की पट्टेदाराला पळवाट दिली तर तो तिचा उपयोग करणारच. कोळशाचा भाव उतरला की छत वाईट होईल आणि भाव चढला की छत आपोआप सुधारेल. हा संशय निराधार नाही. १९९३ पासून वाटलेले २०४ कोळसा गट सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केले तेव्हा त्यांतील बहुसंख्य गटांतून कोळशाचा एक टोपलाही निघालेला नव्हता. शिवाय ज्याला पट्टेदार अनपेक्षित म्हणतो ते खरोखर तसे होते काय, हे इतिहास तपासून पाहावे. डिसेंबर १९५४ मध्ये छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ माणसे बुडाली. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी असल्यामुळे ती वार्ता आमच्या विदर्भाच्या घरचीच होती. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाळ्याला जुन्या, बुडालेल्या कामांतील पाणी खाली फुटले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. फेब्रुवारी २००१ मध्ये बागडिगीला शेजारच्या जयरामपूर खाणीच्या सोडून दिलेल्या कामांतून पाणी आले आणि २९ माणसे मेली. जुन्या कामांपासून ६० मीटरांच्या आत परवानगीवाचून कोळसा काढू नये असा नियम आपल्याकडे कित्येक दशके आहे. तेव्हा चासनाळ्याचे आणि बागडिगीचे पाणी निसर्गाने आकस्मिकपणे पाठवले असे म्हणण्यास जागा नाही. माणसानेच खणलेल्या पोकळीत ते साचले होते, आणि ती पोकळी कोठे आहे याचा नकाशा कोठल्या तरी दप्तरात असणे आवश्यक होते.

हे सर्व मान्य करूनही मी म्हणतो की ज्या क्षणी धोक्यामुळे माणसे वर आणली जातात त्या क्षणापासून मुदतीचे घड्याळ थांबले पाहिजे, मग तो धोका निसर्गाचा असो वा पट्टेदाराच्या गलथानपणाचा. कारण घड्याळ फक्त निर्दोष मनुष्यासाठीच थांबते असा नियम केला तर ज्याने नियम मोडून खांब पोखरले असतील त्यालाच धोका लपवण्याचे सर्वांत मोठे कारण मिळेल, आणि त्याच्याच खाणीत माणसे अधिक काळ खाली राहतील. दोषाचा हिशेब पैशात व्हावा, आणि तो नंतर व्हावा. त्यासाठी आपल्याकडे जुना, परिचित शिरस्ता आहे. मुंबई इलाख्यात अवर्षण पडले की जमीन महसुलाची तहकुबी होत असे आणि पुढे परिस्थिती पाहून सूट मिळे; तहकुबीने वसुली लांबणीवर पडे, सुटीने ती माफ होई, आणि या दोहोंची गल्लत कोणी तलाठीसुद्धा करीत नसे. आणेवारी पाहून तहकुबी तत्काळ देता येई, कारण शेतकऱ्याच्या घरी आज दाणा नाही हे पाहायला न्यायालयीन चौकशी लागत नाही. भूमिगत खाणीसाठी हाच क्रम ठेवावा: निरीक्षकाचा हुकूम किंवा व्यवस्थापकाने लेखी नोंद करून स्वतः केलेली माघार, या दोहोंपैकी जे आधी घडेल तेव्हापासून मुदतीची आणि टप्प्यांची तहकुबी, आणि डेड रेंट (पट्ट्याचे किमान भाडे) व बँक हमीतील कपात यांची सूट मात्र चौकशीअंती, बोअरच्या नोंदी, हवेचे नमुने आणि जुन्या कामांचे नकाशे पाहून, हा धोका आधी दिसण्यासारखा होता की नाही याचा निर्णय झाल्यावर. व्यवस्थापकाने उगाचच माघार घेतली असे वाटल्यास निरीक्षकाने पंधरवड्याच्या आत खाली उतरून पाहावे. भाव उतरला म्हणून छत वाईट झाल्याचे सांगणाऱ्याचे बिंग तेवढ्यात फुटते, कारण छत ठोकून पाहता येते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे येतो. तहकुबीची मागणी करणारे अर्ज पुष्कळ येतील. त्यांत काय तहकूब करावे हे तपशिलाने लिहिलेले असेल. काय तहकूब होता कामा नये हे त्यांत नसेल, ते आपणच लिहिले पाहिजे.

तापलेला भाग बंद करतात तेव्हा त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक बोगद्यात विटा-सिमेंटची जाड भिंत बांधतात आणि ती दोन्ही बाजूंनी व माथ्याशी खडकात खोबणी घेऊन पक्की करतात. भिंतीतून एक लोखंडी नळी आरपार नेतात, तिच्या अलीकडच्या तोंडाला झडप असते. खाली पाणी निघून जावे पण हवा आत शिरू नये म्हणून वाकवलेली दुसरी नळी असते. ठराविक दिवसांनी कोणीतरी कॅप लॅम्प लावून तेथवर चालत जायचे, झडप उघडून आतल्या हवेचा नमुना घ्यायचा, भिंतीला तडा गेला आहे काय ते पाहायचे, गेला असल्यास चुन्याच्या निवळीने किंवा सिमेंटने लिंपायचा, आणि भिंतीशेजारच्या पाटीवर खडूने तारीख व आपली सही करायची. ही सर्व कामे उत्पादन शून्य असताना करावयाची असतात. उत्पादन शून्य असताना पंखा फिरता ठेवायचा असतो, कारण तो थांबला तर उरलेल्या रस्त्यांत वायू साचतो आणि हवेतील मिथेन सव्वा टक्क्यावर गेला की विजेचा पुरवठा तोडावा लागतो. वीज तुटली की पंप थांबतात, पंप थांबले की पाणी चढते, आणि पाणी चढले की त्या भिंतीपर्यंत जाण्याची वाटच बुडते. ज्या खाणीतून एक टनही निघत नाही तिच्यावर रोज खर्च करणे कोणाही व्यापाऱ्याच्या जिवावर येते. म्हणून तहकुबीच्या प्रत्येक हुकमात पंखा, पंप, बंद भिंतींची तपासणी आणि पृष्ठभाग खचतो काय याची मोजणी ही कामे अबाधित राहावीत, आणि ती बंद पडली तर तहकुबीही त्याच दिवशी रद्द व्हावी, असे कलम असावे. खाण बंद करण्याच्या आराखड्यापोटी एस्क्रो खात्यात भरावयाची रक्कम त्याच न्यायाने भरली जावी.

कामगारांविषयी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही. निरीक्षकाच्या मनाईहुकमामुळे ज्याला कामावर जाता येत नाही त्याला पुरे वेतन अथवा त्याच वेतनाचे दुसरे काम मिळावे, हे १९५२ च्या खाण अधिनियमाने बाविसाव्या कलमात सांगितले होते. ठेकेदाराकडच्या माणसाला या हक्काची आठवण कोण करून देतो हा निराळा प्रश्न आहे. आजकाल खाली उतरणाऱ्यांत त्यांचीच संख्या भरते, आणि काम थांबले की त्यांचे गेटपास प्रथम जमा होतात. तहकुबीचा हुकूम देताना त्या दिवशीच्या हाजरीपटाची प्रत सोबत जोडण्याची सक्ती केली तर हा प्रश्न बराचसा सुटेल. जमिनीवरचे लोकही आहेत: ज्यांच्या विहिरीचे पाणी खालच्या उपशाने आटले, ज्यांच्या शेताला भेग पडली, त्यांचा मोबदला कोळसा निघण्यावर अवलंबून नव्हता, तेव्हा कोळसा थांबल्याने तो थांबण्याचे कारण नाही.

राहता राहिले नकाशे, आणि मला सर्वाधिक काळजी त्यांचीच आहे. तहकूब झालेल्या खाणीत पाणी साचू लागले, तहकुबी वर्षामागून वर्षे लांबली, पट्टेदार बदलला किंवा दिवाळ्यात गेला, सर्वेक्षकाची खोली रिकामी झाली, आणि शेवटल्या तीन महिन्यांत जे रस्ते खणले गेले ते नकाशावर चढलेच नाहीत, तर पंचवीस वर्षांनी शेजारच्या पट्ट्यात कोळसा काढणाऱ्या माणसांसाठी आपण स्वतःच्या सहीने एक चासनाळा तयार करून ठेवलेला असतो. आणि त्या दिवशीचा पट्टेदार पुन्हा आपल्याकडेच येऊन म्हणेल की हे पाणी अनपेक्षित होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत जुन्या कामांतले पाणी शिरले तेव्हा अभियंता जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून पोलादी कुपीतून ६५ माणसे एकेक करून वर काढली. त्या पराक्रमाचे स्मरण आपण अभिमानाने करतो आणि करावेच. परंतु भोक कोठे पाडायचे हे ठरवायला खालच्या रस्त्यांचा ठावठिकाणा ठाऊक असावा लागतो.

तेव्हा माझी नेमकी विनंती अशी आहे की माणसे बाहेर आल्यापासून तीस दिवसांच्या आत, खाणीतील शेवटच्या पाळीपर्यंतचे रस्ते, बंद भिंती आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी दाखवणारा नकाशा सर्वेक्षक व व्यवस्थापक यांच्या सहीने तयार व्हावा. जेथे खाली जाऊन मोजणे धोक्याचे असेल तेथे तसे नकाशावरच लिहावे आणि शेवटची मोजणी कोणत्या तारखेची ते नोंदवावे. त्याच्या प्रती महानिदेशालय, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि लगतच्या प्रत्येक पट्टेदाराकडे पोहोचाव्यात. आणि पाण्याची पातळी दर तीन महिन्यांनी त्यावर नव्याने चढवली जावी. हुकमाचा गोषवारा मराठीत, किंवा ज्या प्रदेशात खाण असेल तेथील भाषेत, खाणीच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. कलम ४-अ मधील एक वर्षाची मर्यादा तेवढी भूमिगत कोळशापुरती दुरुस्त करावी लागेल; बाकीचे बहुतेक आपल्या मंत्रालयाच्या करारनाम्याच्या मसुद्यातच घालता येईल, आणि भूमिगत गटांच्या पुढील लिलावाच्या कागदपत्रांतच ते घातले जावे ही प्रार्थना.

कळावे,

आपला विश्वासू,
चंद्रपूर जिल्ह्यातील एक नागरिक